मदत हवी आहे: मेश वाय-फायवर म्युझिक प्लेअर चार मिनिटांनी गायब होतो (सांगली, जुना वाडा)

माडीवरची:

मंडळी, दोन आठवडे या प्रकाराने डोकं खाल्लंय, म्हणून शेवटी धागा काढतेय. लांबण लागणार आहे. अर्धवट लिहिलं तर पहिला प्रतिसाद "राउटर बंद करून चालू केलात का" असा येणार. केलाय. रोज करतेय.

घर सांगलीत, गावभागात. खालच्या भिंती दगडमातीच्या. टेप लावून मोजल्या, एक फूट दहा इंच. माडीची जमीन मात्र लाकडी, तुळयांवर फळ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा खालच्या खोल्यांतलं विजेवर चालणारं एकूण एक भंगारात गेलं. तेव्हापासून घरात नियम झालाय की वायरीचं महागडं काही असेल ते माडीवर. त्यामुळे फायबरचा डबा (इंटरनेट घरात आणणारा), आठ पोर्टचा स्विच (एका केबलच्या अनेक करून देणारा) आणि गाणी साठवलेला जुना लॅपटॉप हे सगळं माडीवर, इन्व्हर्टरच्या लाइनवर. मेशचे (एकाच नावाचं वाय-फाय घरभर पसरवणारे) तीन नोड आहेत: एक माडीवर, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या बाजूला आप्पांच्या खोलीत. तिन्ही नोडना स्विचमधून केबल ओढली आहे, कारण त्या भिंतीतून वाय-फाय जात नाही हे पहिल्याच दिवशी कळलं.

आता मूळ दुखणं. आप्पा (वडील, वय ७८) यांच्याकडे कॅसेटींचा ढीग आहे. रेडिओवरून टेप केलेलं गाणं, मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते तिथली रेकॉर्डिंग्ज, असं काय काय. गेल्या दिवाळीत मी ते सगळं फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता गाणं साठवणारी फाइल) उतरवून लॅपटॉपवर टाकलं. लॅपटॉपवर डीएलएनए सर्व्हर आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर गाणी पुरवणारा प्रोग्राम. आप्पांच्या खोलीत रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू (चिमुकला संगणक, हाच आमचा प्लेअर; पुढे नुसता "पाय"), त्यावर डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारं कार्ड), त्याला त्यांचा जुना ॲम्प्लिफायर. फोनवरच्या ॲपमधून गाणं निवडायचं, प्लेअर निवडायचा, वाजवायचं. साधं आहे. असायला हवं.

पण होतं असं. पाय चालू केला की ॲपमध्ये दिसतो. चार-साडेचार मिनिटं सगळं झकास. त्यानंतर ॲप बंद करून परत उघडलं की यादीतून प्लेअर गायब. चालू असलेलं गाणं मात्र चालूच राहतं! म्हणजे आप्पा आवाज कमी कर म्हणतात आणि मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून हताश उभी. शेवटी पळत जाऊन ॲम्प्लिफायरच बंद करायचा.

आणखी दोन गोष्टी विचित्र वाटतात. आप्पांच्या खोलीत उभं राहिलं तर प्लेअर दिसतो, पण मग लॅपटॉपवरचं गाण्यांचं कपाट दिसत नाही. आणि संध्याकाळी लाइट जाऊन आली की त्यांच्या खोलीतही प्लेअर दिसत नाही, वर गाणं तुटत तुटत ऐकू येतं. आप्पांच्या भाषेत "तान गिळतोय".

हे आधी असं नव्हतं. महिन्याभरापूर्वी मेश राउटर मोडमध्ये होता आणि फायबरच्या डब्याचं वाय-फायही चालू होतं. तेव्हा वेगळाच घोळ व्हायचा, फोन एका नेटवर्कात आणि प्लेअर दुसऱ्यात. इथलेच जुने धागे वाचून मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवणार, राउटरचं काम डब्याकडे) आणि डब्याचं वाय-फाय बंद केलं. मेशच्या राउटरला काही काम उरलं नाही म्हणून केबली सुटसुटीत करायला हा स्विचही तेव्हाच घेतला. इंटरनेट उत्तम चालतं, स्पीड टेस्टला मागितला तेवढा स्पीड. मग हे काय आहे?

सोल्डर:

स्पीड टेस्टचा इथे काही संबंध नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट, फ्लॅक त्याहून कमी. दहा वर्षांपूर्वीचं वाय-फायही एवढं वाहून नेईल.

झिरो डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. चॅनेल ऑटोवर असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो ठरवून टाका, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. आणि पायचं वाय-फाय पॉवर सेव्ह बंद करा. तान गिळण्यावर याने फरक पडेल. गायब होण्याचं कारण दुसरं दिसतंय.

वारणाकाठ:

ताई, मी तर सरळ सांगतो, त्यो स्विच काढून ठेवा की दोन दिवस. आमच्या चुलतभावाकडं असंच झालं होतं, दोन महिने मेशला शिव्या दिल्या आणि निघाला स्विच.

माडीवरची:

@सोल्डर, चॅनेल ६ वर ठेवला, पॉवर सेव्ह बंद केलं. सकाळी छान. संध्याकाळी सात वाजता लाइट गेली, आली, आणि पुन्हा तेच.

@वारणाकाठ, स्विच काढला तर तीन नोडना केबल कुठून देऊ? डब्याला दोनच पोर्ट आहेत. तुमच्या भावाने काय केलं शेवटी?

वारणाकाठ:

त्यानं दुसरा आणला. साधा, बिनडोक. ह्यो तुमचा "स्मार्ट" वाला हाय का, ज्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं?

खटपट्या:

वारणाकाठ यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. माडीवरची, एक काम करा. पाय बंद करून चालू करा, घड्याळ लावा, आणि दर दहा सेकंदांनी ॲप बंद करून उघडा. नेमका किती वेळाने गायब होतो ते सांगा. "चार-साडेचार" नको. तीनदा मोजा.

माडीवरची:

हो, स्मार्टवाला आहे. दुकानदाराने दोनशे रुपयेच जास्त आहेत म्हणून गळ्यात मारला.

मोजलं. ४ मिनिटं २० सेकंद, ४ मिनिटं ३० सेकंद, ४ मिनिटं २० सेकंद. आईला वाटलं मी इडल्या लावल्यात.

खटपट्या:

सापडलं. २६० सेकंद. मधला जो ३० आला तो तुमच्या दहा सेकंदांच्या टप्प्यांमुळे.

नीट सांगतो, कारण हे कळलं की बाकीची कोडीही सुटतात. ॲप प्लेअरला शोधतं तेव्हा घरभर एक हाक मारतं, २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर. हा पत्ता कुणा एकाचा नसतो, गटाचा असतो. ज्यांना हाक ऐकायची आहे ते सुरू होताना गटात नाव नोंदवतात. साधा स्विच ती हाक सगळ्या पोर्टांवर सोडून देतो. तुमचा स्विच शहाणा आहे. तो नोंदी चोरून वाचतो आणि ज्या पोर्टामागे गटातलं कुणी आहे तिथेच हाक पाठवतो. याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात.

आता ही नोंद कायमची नसते. वर्गात जशी हजेरी घेतात तशी कुणीतरी दर १२५ सेकंदांनी हजेरी घ्यायची असते, आणि गटातल्यांनी "हजर" म्हणायचं असतं. दोन हजेऱ्या चुकल्या आणि वर १० सेकंद गेले की नाव कट. १२५ दुणे २५० आणि १०, झाले २६०. हजेरी घेणारा म्हणजे क्वेरियर. हे काम बहुतेकदा राउटर करतो. तुमचा मेश राउटर मोडमध्ये होता तेव्हा तो करत असणार. तुम्ही त्याला ॲक्सेस पॉइंट केलंत, फायबरचा डबा ते काम करत नाही, आणि त्याच वेळी नोंदी तपासणारा स्विच मध्ये बसला. म्हणजे हजेरी घेणारे मास्तर बदलीवर गेले आणि पटावरून नाव काढणारा शिपाई तेवढा रुजू झाला.

आप्पांच्या खोलीत प्लेअर का दिसतो? फोन आणि पाय एकाच नोडवर, हाकेला स्विचमधून जायची गरजच नाही. लॅपटॉप मात्र स्विचपलीकडे, म्हणून कपाट गायब. गाणं चालू राहतं कारण ते लॅपटॉपकडून थेट पायच्या पत्त्यावर जातं, त्याला गटाशी देणंघेणं नाही.

उपाय: स्विचच्या पानावर जा. क्वेरियर असेल तर चालू करा. नसेल तर आयजीएमपी स्नूपिंग सरळ बंद. घरात फायबरवरून येणारा टीव्ही नसेल तर बंद करून काही बिघडत नाही.

माडीवरची:

केलं. क्वेरियरचा पर्याय नव्हता, स्नूपिंग बंद केलं. आता साडेतीन तास झाले, स्वयंपाकघरातून प्लेअर दिसतोय, कपाट दिसतंय, आवाज कमी होतोय. मी दर पाच मिनिटांनी उगाच ॲप उघडून बघतेय.

पण संध्याकाळचं तान गिळणं तसंच आहे. तेही सुटलं तर मिरजेचे पेढे, कुरिअरने.

सोल्डर:

पेढ्यांसाठी विचारतो. आप्पांच्या खोलीतला नोड इन्व्हर्टरवर आहे का? आणि लाइट आल्यावर पाय कुठल्या नोडला चिकटलाय ते मेशच्या ॲपमध्ये दिसेल, बघा.

माडीवरची:

नाही. इन्व्हर्टरवर फक्त माडी. खाली दिवे आणि पंखे आहेत, प्लगला नाही.

आणि आत्ता पाहिलं: पाय चक्क माडीवरच्या नोडला चिकटलाय! स्वतःच्या खोलीतला नोड चार फुटांवर असताना?

सोल्डर:

होणारच. लाइट आली की पाय मिनिटभरात उठतो, नोडला उठून वाय-फाय सोडायला त्याहून जास्त वेळ लागतो. पाय उठतो तेव्हा हवेत एकच ओळखीचं नाव असतं, माडीवरच्या नोडचं; तो इन्व्हर्टरमुळे झोपलेलाच नसतो. भिंतीतून येत नाही पण तुमच्या लाकडी फळ्यांतून सिग्नल खाली झिरपतो. धड चांगला नाही, धड तुटण्याइतका वाईट नाही. मग शेजारचा नोड जागा झाला तरी पाय तिकडे जात नाही, कारण कुठल्या नोडवर बसायचं हे शेवटी उपकरण ठरवतं. मेश फार तर सुचवतो. फोन अशा बाबतीत तत्पर असतात, पाय आळशी. आणि लाइट आल्यावर फोन खालच्या नोडवर, पाय वरच्या, म्हणून त्या खोलीतही प्लेअर दिसत नव्हता.

पायमध्ये त्या नोडचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून देता येतो, म्हणजे तो त्याच नोडला चिकटेल. पण मी असतो तर नोडच्या रिकाम्या लॅन पोर्टातून केबल आणली असती. झिरोला इथरनेट पोर्ट नाही, मायक्रो यूएसबीला लागणारं ओटीजी (छोट्या पोर्टाला मोठं यूएसबी जोडायची पिन) आणि यूएसबी-लॅन अडॅप्टर लागेल. आणि पायचं वाय-फाय पूर्ण बंद करा, नाहीतर तो दोन्हीकडून नांदेल.

वारणाकाठ:

एवढं सगळं करून शेवटी वायरच. आमचा चुलतभाऊ हेच म्हणत होता.

माडीवरची:

आठवड्याने लिहितेय. अडॅप्टर गणपती पेठेतून आणला, केबल जोडली, पायचं वाय-फाय बंद केलं. मधल्या काळात लाइट सहा वेळा गेली. एकदाही तान गिळली नाही. काल रात्री आप्पांनी एका दमात चाळीस मिनिटांचा मारवा ऐकला, आणि संपल्यावर पहिलं वाक्य: "त्या टेपला हे असं खरखरत नव्हतं." ती खरखर कॅसेटचीच आहे, पण ते मी त्यांना सांगणार नाही.

@खटपट्या, @सोल्डर, पत्ते निरोपातून पाठवा. @वारणाकाठ, तुम्हालाही, आणि भावालाही.

आता त्यांची नवी मागणी: फोनवर बोट घासून आवाज कमीजास्त करायला त्यांना जमत नाही, जुन्या रेडिओसारखं गोल फिरवायचं बटण हवंय. पायला तसलं काही लावता येतं का?

सोल्डर:

येतं. रोटरी एन्कोडर म्हणून मिळतो, पायच्या पिनांना चार-पाच वायरी. तुमचा डॅक कुठल्या पिना वापरतो ते आधी बघा. आणि त्याच्यासाठी नवा धागा काढा, इथे पेढ्यांचं ठरलंय.