मदत हवी आहे : घरी बांधलेली होडी विकण्याआधी मागची फळी बदलावी का?

6 मिमी मरीन प्लायची 12 फुटी होडी मी स्वतः बांधली. तांब्याच्या तारेने फळ्या शिवून सांध्यांवर एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) आणि ग्लास टेप (काचतंतूंची पट्टी) लावली आहे. फक्त वल्ह्यांची आहे, इंजिन कधीच लावलं नाही. आता शेड रिकामी करायची असल्याने ती द्यावी लागतेय. घ्यायला एक कुटुंब तयार आहे, लहान मुलांसह.

मागच्या उभ्या फळीत, म्हणजे ट्रान्समला, पाणी काढायच्या भोकापाशी तळहाताएवढा भाग मऊ लागतोय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की बाकी सगळीकडे टणटण, तिथे मात्र बद्द आवाज. चूक माझीच : भोक पाडल्यावर आतली कडा एपॉक्सीने बंद केली नाही, प्लायने तिथूनच पाणी पीत ठेवलं. फळी दोन थरांची, 12 मिमी. आतला थर कुजलाय, बाहेरचा टणक वाटतो.

तिथला रंग खरवडून होडी तीन आठवडे सावलीत उलटी ठेवली. मीटरवर ओल 18 टक्क्यांवर अडलीय, 12 च्या वर एपॉक्सी मारायला मन धजत नाही. वरून पातळ एपॉक्सी मुरवून रंग फासायचा सल्ला मिळाला, पण ती लपवाछपवी झाली. घेणाऱ्यांना दोष सांगितलाय. दुरुस्त करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

हाताशी दोन आठवडे आहेत. कुजका भाग कापून 1:8 उताराचा जोड (कडा जाडीच्या आठपट लांबीत तिरक्या कापून) देऊन ठिगळ लावलं तर भोकाजवळ ते टिकेल, की अख्खी फळीच बदलावी? आणि फळी काढताना तळाची टेप न फाडता सुटते का?