आदिवासी दिनाचं निवेदन वाचल्यावर पुढे काय?

खाडीकाठ: कॅनडा, ऑस्ट्रेलियात कार्यक्रमाआधी 'ही जमीन मूळ रहिवाशांची' असं म्हणायची पद्धत आहे. आमचं मंडळ ९ ऑगस्टला कातकरी वाडीबद्दल तसंच निवेदन वाचणार आहे. तालुका रोहा. त्यापुढे खरंच उपयोगी काय करता येईल? ब्लँकेटवाटप नको.

दळीवाला: निवेदन खुशाल वाचा, पण आधी वाडीच्या जागेचा सातबारा काढा. वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा लागतो: ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा, क्षेत्र जास्तीत जास्त ४ हेक्टर. पुरावे किमान दोन जोडा. दळीची (डोंगरउतारावरच्या वनजमिनीतल्या शेतीची) जुनी पावती, वनखात्याने केलेल्या दंडाची पावती, मतदार यादी, झालंच तर वाडीतल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब. जबाब मात्र दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. कागद 'अमुकच हवा' असं कुणी अडवलं तर नियम १३ दाखवा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, म्हणून अर्जातच दोघांची नावं घाला.

माणगावकर: आणि जागा खासगी मालकाची निघाली तर वरचं सगळं बाजूला ठेवा. रायगडात अशा वाड्या पुष्कळ. तिथे गावठाणाचा प्रस्ताव तहसीलदारांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावा लागतो, आणि मालक रस्ता अडवू लागला की चिकाटीचा कस लागतो. जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, तेव्हा पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आधार मागू नका.

वनहक्काचे दावे बहुतेक वेळा ग्रामसभेच्या गणपूर्तीत अडकतात. सभेला निम्मे सदस्य लागतात, त्यात एक तृतीयांश बायका. शिवाय निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेलेली असते. २६ जानेवारीला कोण येणार? लावणी उरकल्यावर ऑगस्टमध्येच सभा लावा.

खाडीकाठ: दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत आमची दोन माणसं बसवली तर?

दळीवाला: नका बसवू. समिती १० ते १५ जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश महिला. मंडळाने झेरॉक्स, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयापर्यंत गाडी आणि प्रत्येक अर्जाची पोच एवढं सांभाळावं. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं सरळ सांगतात.

माणगावकर: दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेने फेटाळला असेल तर उपविभागीय समितीकडे अपिलाला ६० दिवस आहेत. पडताळणी संपेपर्यंत वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दावेदारांना तिथून हुसकावता येत नाही. ते पान छापून वाडीत ठेवा.