मदत हवी आहे : यू होंगच्या डीएनएवरून चीन-युरोप संपर्क सिद्ध होतो का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात चीन आणि युरोपच्या प्राचीन संपर्कावर बोलायचंय. एका ठिकाणी गाडी अडली आहे, जनुकशास्त्रातल्या जाणकारांनी जरा मदत करावी.

वायव्य चीनमधल्या शिनजियांगच्या तारिम खोऱ्यातल्या ममींचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. फिकट केस, लोकरीचे कपडे, काहींच्या गळ्याभोवती चक्क चीजचे तुकडे! चेहरेपट्टीवरून त्यांना पश्चिमेकडचं ठरवून लोक मोकळे झाले होते. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तिथल्या १३ जणांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) आले आणि चित्रच पालटलं. ही मंडळी स्थानिकच निघाली, हिमयुगातल्या उत्तर युरेशियन लोकांचे वंशज. गहू आणि दुभती जनावरं पश्चिमेची, पण रक्तात तिकडची सरमिसळ नाही. म्हणजे हे उदाहरण बाद.

मग उरतो उत्तर चीनमधल्या तायुआनचा अधिकारी यू होंग. मृत्यू इ.स. ५९२, थडगं सापडलं १९९९ मध्ये, आत घराच्या आकाराची कोरीव संगमरवरी शवपेटी. त्याचा मायटोकॉन्ड्रियल गट (आईकडून येणाऱ्या डीएनएवरून ठरणारा वंशगट) यू५, मुख्यतः युरोपात आढळणारा. बायकोचा जी, म्हणजे पूर्वेकडचा.

माझी शंका अशी : मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडची साखळी दाखवतो. यू५ सायबेरिया किंवा मध्य आशियातून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आला असेल, तर याला 'युरोपशी संपर्क' म्हणायचं का? मला तरी ते ओढूनताणून वाटतं. यापेक्षा भक्कम, संपूर्ण जीनोमवर आधारलेलं उदाहरण कुणाला माहीत असल्यास कृपया सांगा. श्रोते निवृत्त शिक्षक आहेत, उलटतपासणी होणारच!