मे अखेरचा वासोटा आणि घरची माणसे

रानजाई:
‘कातळकडा’ यांनी परवा इथे लिहिले की सातारा जिल्ह्यातल्या कोयनेच्या रानातला वासोटा किल्ला हा डिसेंबरात करायचा ट्रेक आहे, मे अखेरीस तिथे जाण्याचे बेत आखणारे निव्वळ हौशी असतात आणि ‘घरच्या अडचणी’ हे न जाणाऱ्यांचे ठरलेले कारण असते. ज्याला जायचे असते तो वेळ काढतोच. दोन दिवस मी गप्प राहिले. आता राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

डिसेंबरात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी त्यांना पुन्हा चालते करण्यात गेला. फेब्रुवारी आणि मार्च मुलाच्या दहावीने खाल्ले. एप्रिलात नणंदेच्या मुलीचे लग्न आहे. त्यातच यंदा, म्हणजे 2026 मध्ये, 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागत असल्यामुळे नात्यागोत्यातील उरलेली सगळी लग्ने आणि मुंजी त्याआधीच्या मुहूर्तांवर कोंबल्या गेल्या आहेत. 9 मे असा गेला. 16 मेचा शनिवार मोकळा आहे, परंतु त्या दिवशी अमावास्या आहे, आणि अमावास्येला सून रानात गेली तर सासूबाईंचा जो रक्तदाब वाढेल तो मोजायला मी घरी नसेन. राहता राहिला 23 मे. तो मी हौसेने निवडलेला नाही. गाळून गाळून तेवढाच उरला आहे.

गेल्या वर्षीही असेच झाले होते. सासऱ्यांच्या आजारपणामुळे बेत दोनदा पुढे ढकलला आणि 25 मे 2025 हा दिवस ठरवला. एरवी 11 जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचणारा मोसमी पाऊस त्या वर्षी 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत दाखल झाला. गडाच्या पायथ्याशी जायला धरणाचे पाणी होडीने ओलांडावे लागते. आदल्या दुपारी काठावरच्या बामणोली गावातल्या होडीवाल्यांचाच फोन आला, “ताई, वड्याला पाणी आलंय, येऊ नका.” तोवर तिखटमिठाच्या चाळीस पुऱ्या तळून झाल्या होत्या. पुढचे तीन दिवस आम्ही त्या खिडकीतला पाऊस बघत चहाबरोबर संपवल्या.

वासोट्यावर मुक्कामाची परवानगी नाही याबद्दल अनेकजण हळहळतात. आमच्यासारख्यांना मात्र तीच गोष्ट सोयीची पडते. पुण्यातून पहाटे तीनला निघायचे, साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठायची, पहिली होडी धरायची, दुपारी दोनला माथा सोडायचा आणि रात्री अकराच्या आत घरी यायचे, असा माझा बेत आहे. त्यातला सर्वांत अवघड टप्पा गडावर नसून रात्री आठ वाजता आमच्या स्वयंपाकघरात आहे, कारण त्या वेळी सासूबाईंना इन्सुलिन द्यावे लागते. ते कोण देणार हे ठरल्याशिवाय मला होडीवाल्यांना फोनसुद्धा करता येत नाही. ‘वेळ काढतोच’ असे लिहिणाऱ्याने तो नेमका कोणाच्या वाट्यातून काढला, हेही कधीतरी लिहावे.

कातळकडा:
आपली कौटुंबिक हकिकत वाचून सहानुभूती वाटली, पण त्यामुळे मे महिन्याचा डिसेंबर होत नाही. मी 1994 पासून सह्याद्रीत फिरतो आहे. मे अखेरीस शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी इतके खाली गेलेले असते की होडी नेहमीच्या जागेच्या बरीच अलीकडे थांबते, आणि तिथून भेगाळलेल्या गाळातून, डोक्यावर झाडाची सावली नसताना, वनखात्याच्या तपासणी नाक्यापर्यंत चालत जावे लागते. पुढे जंगलात सावली आहे, परंतु वारा नाही. ओढा आटलेला असतो. माथ्यावरच्या टाक्यातल्या पाण्यावर विसंबून जाणे शहाणपणाचे नाही. कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. रानाला तुमच्या घरचे पंचांग ठाऊक नसते.

आणि एक बोलायचेच आहे, तर बोलतो. शनिवार-रविवारी बसगाड्या भरभरून माणसे आणून ओतणाऱ्यांनी आणि गडावर ध्वनिक्षेपक वाजवणाऱ्यांनी या मुलखाची धर्मशाळा करून टाकली आहे. नाक्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून घेतात, अनामत ठेवून घेतात, तरीही कड्याखाली वेष्टणे सापडतात. निदान मे महिन्यात तरी या निर्मनुष्य अरण्याला मोकळा श्वास घेऊ द्यावा. घरच्या अडचणी असतील तर त्या वर्षी जाऊ नये. गड काही पळून जात नाही.

शिवसागरकाठ:
मूळ वादात मला पडायचे नव्हते, परंतु ‘निर्मनुष्य’ हा शब्द वाचला आणि राहवले नाही.

आपण ज्या भेगाळलेल्या गाळातून चालण्याचा त्रास वर्णन केला आहे, त्या गाळात आमच्या आजोबांची भातखाचरे आहेत. धरण झाले, पाणी चढले, तेव्हा अर्धी भावकी ठाणे जिल्ह्यात गेली आणि अर्धी पाण्याच्या वर, उतारावर सरकली. त्या वर सरकलेल्यांत आमचे घर होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि ते घरही बसले. माझे वडील तेव्हा बावीस वर्षांचे होते. ते सांगतात की घर पडल्यावर आजी सगळ्यांत आधी गोठ्याकडे पळाली, कारण गाय व्यायला आली होती. ते घर पुन्हा उभे केले. मग 1985 साली अभयारण्य आले, आणि काही वर्षांनी आम्हीही खाली उतरलो.

पाणी सर्वांत खाली जाते ते मे अखेरीस. त्याच दिवसांत जुने बांध उघडे पडतात, एका चिंचेचे काळे पडलेले खोड दिसते आणि देवाच्या चौथऱ्यापर्यंत जाता येते. आम्ही दर वर्षी जातो, नारळ फोडतो आणि परत येतो. आपल्या हिशेबाने हा हंगाम संपल्यानंतरचा ट्रेक असेल. आमच्या घरात हाच कुळाचार आहे, आणि तो डिसेंबरात करता येत नाही, कारण डिसेंबरात देव पाण्याखाली असतो.

कातळकडा:
आपल्या भावना समजू शकतो, परंतु भावनेच्या भरात दोन गोष्टींची गल्लत होते आहे. माणसे गेली म्हणूनच तिथे रान वाढले, हे कटू असले तरी खरे आहे. सोडलेल्या खाचरांवर आज गवे चरतात. 2010 साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 साली कोयना अभयारण्य पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. हे वस्ती तशीच राहिली असती तर झाले असते का? कोणीतरी किंमत मोजल्याशिवाय अरण्य उरत नाही.

शिवसागरकाठ:
‘कोणीतरी’ हा शब्द फार सोयीचा आहे. किंमत मोजणाऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही आणि मोजून झाल्यावर त्याला गर्दीत धरता येते. आपण ज्या दिव्याखाली बसून हे लिहिले त्याची वीजही कदाचित त्याच खोऱ्यातून आली असेल. गवे आमच्या खाचरांत चरतात याचे मला दुःख नाही. वडील तर म्हणतात की निदान जमीन पडीक नाही राहिली. राग याचा येतो की आधी माणसे उठवायची आणि मग पन्नास वर्षांनी येऊन त्याच जागेला ‘निर्मनुष्य’ म्हणून तिच्या शांततेचे कौतुक करायचे.

आता राहिले उन्हाचे. माझे वडील 81 वर्षांचे आहेत. गेल्या मे महिन्यात बामणोलीच्या धक्क्यावर त्यांना होडीत घ्यायला आम्हांला तीन माणसे लागली. होडीतून उतरल्यावर मात्र ते कोणाचाही हात न धरता चालू लागले आणि बांध ओळखत ओळखत चौथऱ्यापाशी गेले. एका जागी थांबून म्हणाले, “हितं उंबरा होता, पाय उचलून टाका.” आम्ही सगळ्यांनी पाय उचलून टाकले. तिथे सपाट चिखल होता. यंदा त्यांना डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटले आहे. आपण वर लिहिले आहे की अडचण असेल तर त्या वर्षी जाऊ नये. 81 व्या वर्षी ‘त्या वर्षी’ म्हणजे किती वर्षे, हे सांगावे.

सायंतारा:
‘शिवसागरकाठ’ यांच्या लिखाणापुढे माझा प्रश्न किरकोळ आहे, तरी विचारते, कारण ‘रानजाई’ यांनी तो विचारला आणि सगळे त्याला वळसा घालून गेले. 1994 पासून दर डिसेंबरात ‘कातळकडा’ गडावर होते, तेव्हा त्यांच्या घरी मुलांना ताप कधी आलाच नाही का? त्यांचे डबे कोण भरत होते?

कातळकडा:
हा चर्चेचा विषय नाही.

सायंतारा:
हाच चर्चेचा विषय आहे. पहिल्या ओळीपासून.

कातळकडा:
काल रात्री हा सगळा मजकूर सौभाग्यवतींनी वाचला आणि त्या बराच वेळ हसत होत्या. 1999 साली मी रतनगडावर असताना धाकटीचा हात मोडला होता आणि प्लास्टर घालून आणल्यावर मला कळवले गेले, याची आठवण त्यांनी करून दिली. मोबाईल नव्हते, असा बचाव मी केला. त्यावर मिळालेले उत्तर येथे देण्याजोगे नाही. तेव्हा, होय, मी काढलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून निघाला होता. विजयोत्सव ज्यांना करायचा असेल त्यांनी करावा.

‘निर्मनुष्य’ हा शब्द मागे घेतो. ‘आज वस्ती नसलेले’ असे वाचावे. व्याघ्र प्रकल्पाबद्दलचे मत मात्र मागे घेत नाही.

आणि ‘रानजाई’, आपण जाणारच असाल तर दुपारी दोनला माथा सोडण्याचा बेत बदला. मे अखेरीस ढग बारापासूनच कोकणाच्या बाजूने चढू लागतात. वीज कडाडू लागली की तो बिनछपराचा मारुती आपल्याला आडोसा देणार नाही. साडेअकरापर्यंत जिथे पोहोचाल तिथून मागे फिरा, मग ते टाके असो की बाबू कडा. माणशी चार लिटर पाणी न्या, तेही स्टीलच्या बाटल्यांतून, म्हणजे नाक्यावर मोजणीत वेळ जाणार नाही. अत्तर लावू नका, धूर करू नका, मोहोळ दिसले तर आवाज न करता पुढे चला. आणि आदल्या दिवशी वाट सुरू आहे का, हे होडीवाल्यांनाच विचारा.

शिवसागरकाठ:
शब्द बदलल्याबद्दल आभार, जरी ‘आज वस्ती नसलेले’ हेही कागदावरचेच वाटते. ‘रानजाई’, आम्ही 23 मेलाच जात आहोत. वडील नसल्यामुळे होडीत जागा आहेत. आम्ही चौथऱ्याजवळ उतरतो. होडी आपल्याला पुढे सोडून तिसऱ्या प्रहरी परत घेईल. उन्हाचा चटका बसायच्या आत पाणी ओलांडायचे असल्याने आम्ही सातला धक्क्यावर असतो.

रानजाई:
साडेअकराचा मुद्दा मान्य आहे, बेत बदलला. पाण्याचा हिशेब मी आधीच केला होता, पण अत्तराचा नव्हता, आणि मुलगा ते अर्धी बाटली लावतो.

होडीतल्या दोन जागा आम्ही घेतो, मी आणि मुलगा. फक्त कालच आईचा फोन आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचे जेवण घालायचे आहे, आणि तिने भटजींना न विचारता, माझी सोय पाहून, शनिवार ठरवला आहे, 23 मे. मी आईला सांगितले की जावई एकटा येईल. ती पाच मिनिटे काही बोलली नाही, मग म्हणाली की अनारसे तरी डब्यात देऊन पाठवते. तेहतीस अनारसे मोजून घेऊन संध्याकाळी साडेसातच्या आत घरी परतायचे आणि आठला इन्सुलिन द्यायचे, हे जावयांनी कबूल केले आहे. सुई कशी टोचायची हे त्यांना आज सकाळी संत्र्यावर शिकवले. दुसऱ्या संत्र्याला जमले.