घरी बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर गप्प आहे, मदत हवी आहे

मंडळी, फेंडर चॅम्प या छोट्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या ५एफ१ सर्किटवरून व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे: एक १२एएक्स७ (सुरुवातीचे दोन टप्पे एकाच नळीत), एक ६व्ही६ (शेवटचा, स्पीकर चालवणारा टप्पा), रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) ५वाय३. व्हॉल्व्ह पेटतात, फ्यूज टिकतो, पण गिटारचा आवाज अजिबात येत नाही.

शेवटचा टप्पा चालू दिसतो. ६व्ही६च्या प्लेटवर सुमारे ३४० व्होल्ट, ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १९ व्होल्ट. स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यामुळे बाजूला ठेवले आहेत. ६व्ही६च्या ग्रिडला (जिथे सिग्नल आत येतो) मीटरची पिन लावली की स्पीकरमध्ये टक् होतं.

१२एएक्स७चा पहिला अर्धा भागही ठीक: प्लेट १६०, कॅथोड साधारण दीड व्होल्ट. खरी गोम दुसऱ्या अर्ध्यात आहे. पिन ६ (प्लेट) वर २७० व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याइतकेच, आणि पिन ८ (कॅथोड) वर शून्य. करंटच वाहत नाही! व्हॉल्व्ह बदलला, फरक नाही. बंद करून, कपॅसिटर रिकामे करून मोजलं तर पिन ८ च्या टॅगपासून (सॉकेटखालच्या, तार जोडायच्या पट्टीपासून) ग्राउंडपर्यंत १.५ किलोओहम बरोबर येतो. हीटरचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट पिन ४-९ आणि ५-९ दोन्हीकडे मिळतात, पण तेही सॉकेटखालच्या टॅगवरच मोजले आहेत, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पिनपर्यंत ते पोचतात का, हे कळत नाही.

माझ्याकडे फक्त मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी जरूर सांगावं: सॉकेटमधली पिन ५ किंवा ८ ची पकड सैल आहे का, हे सॉकेट न उपटता खात्रीने कसं तपासायचं? आणि पकड नीट निघाली, तर या आकड्यांमागे दुसरं काय कारण असू शकतं?