कार्टर यांच्याबद्दलही लिहायला हवं

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे मानवी शरीररचनेवरचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे इंग्लिश डॉक्टर हेन्री ग्रे यांच्यावर आधीच्या पोस्टमध्ये छान माहिती आलीय, १८५८चं पुस्तक, १८६१ मध्ये देवी रोगाने ३४व्या वर्षी मृत्यू वगैरे, पण त्या पुस्तकातली चित्रं हेन्री वँडाइक कार्टर या इंग्लिश डॉक्टरांनी काढली होती हे कुणीच लिहिलं नाही म्हणून टाकतोय. स्नायू, शिरा, नसा यांची नावं थेट त्या त्या भागावरच लिहायची त्यांची पद्धत, त्यामुळे विद्यार्थ्याला दरवेळी खाली आकडे शोधत बसावं लागत नाही, माझ्या मते पुस्तक टिकलं त्यात याचा फार मोठा वाटा आहे. आणि मोबदला काय तर एकरकमी पैसे, रॉयल्टी फक्त ग्रेंना. मला हे खरंच अन्यायाचं वाटतं.

पुढे कार्टर १८५८ मध्येच मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) शिकवली, काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, नंतर ग्रँटचे प्रिन्सिपॉलही झाले. मदुरा फूट (पाय सुजून त्यावर गाठी, जखमा होणारा रोग) बुरशीमुळे होतो यावर त्यांचं काम आहे, कुष्ठरोगावर आहे, १८७७च्या दुष्काळात मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची (रिलॅप्सिंग फीव्हर) साथ आली तेव्हा रुग्णांच्या रक्तात मायक्रोस्कोपखाली त्यांनी या तापाचे स्पायरल, म्हणजे मळसूत्रासारखे वळणदार जंतू पाहिले. इतकं काम आपल्याकडे केलेला माणूस, त्यांच्यावर मराठीत सविस्तर लेख यायलाच हवा.