'सेनेसन्स'ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडी, बेळगाव: शाळेच्या विज्ञान मंडळासाठी 'वय आणि कॅन्सर' असं टिपण लिहितेय. 'सेल्युलर सेनेसन्स'ला 'पेशींचं वार्धक्य' लिहिलं, तर मुलं विचारतात, "म्हणजे मरायला टेकलेल्या पेशी काय?" तसं नाही की! पेशी जिवंत असते, खातेपिते, फक्त तिचं विभाजन कायमचं थांबलेलं असतं. दुसरा शब्द सुचवा.

खानापूर: ताई, 'जून' कसा वाटतो? जीर्ण, जुण्ण, जून असा तो आलाय. जून भेंडी वाढायची थांबलेली असते, मेलेली नसते. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांना दिसलं ते हेच: माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्राचं टोक, म्हणजे टेलोमियर, थोडं झिजतं. बहुतेक कॅन्सरपेशी टेलोमरेज हे विकर पुन्हा चालू करून ती झीज भरून काढतात, म्हणून त्या जून होतच नाहीत.

निपाणी: मी 'निबर' म्हणेन. जूनमध्ये नुसतं वय येतं, निबरमध्ये घट्ट होऊन अडून बसणं येतं. अंगावरचा तीळ बघा. तिळातल्या रंगपेशींत बऱ्याचदा बीआरएएफ या जनुकात बिघाड असतो. मेलॅनोमा या कॅन्सरमध्येही तोच सापडतो. तरी तीळ वर्षानुवर्षं आहे तेवढाच राहतो, कारण बिघाड झाल्यावर पेशी काही काळ वाढल्या आणि निबर झाल्या. त्या वयाने थकलेल्या नाहीत. तरण्या पोराच्या अंगावरही तीळ असतातच. इथं 'वार्धक्य' चुकतंच.

आणखी एक, 'अर्बुद' जपून वापरा. कन्नडात अर्बुद म्हणजे कॅन्सर, मराठीत कुठलीही गाठ, साधीसुद्धा. आपली मुलं दोन्ही भाषा वाचतात.

टिळकवाडी, बेळगाव: तिळाचं उदाहरण घेतेच. पण निबर पेशी नुसत्या कॅन्सर अडवणाऱ्या राखणदारच वाटायला नकोत. वयाबरोबर त्या साठत जातात, दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि शेजारच्या बिघडलेल्या पेशीला त्यातून वाढायला बळ मिळतं. हे शब्दात बसतं का?

निपाणी: बसतं की. निबर माणूस म्हणतोच ना आपण, कुणाचं न ऐकणारा.

खानापूर: मग जून मागे घेतो. 'जरा' मात्र शरीराच्या म्हातारपणासाठी राखून ठेवा, आणि भाववाचक 'निबरपणा' करा. 'निबरता' कानाला टोचतं.